खिडकीखालचा आवाज

बारामती, मंगळवार, संध्याकाळ

क्लासची ती खिडकी उद्यापासून बंद ठेवावी का? पण वर्ग तापतो.

आज इंग्रजीतलं 'यूज्ड टू' शिकवलं. पूर्वी नेहमी व्हायचं, आता होत नाही, ते सांगायला. आजच कशाला घेतलं? पुढचा धडा तोच होता म्हणून, दुसरं काय!

एकानं उठून वाक्य करायचं, बाकीच्यांनी ते मोठ्यानं म्हणायचं, ही आमची रोजची पद्धत. कुणी क्रिकेट खेळायचा, कुणाची म्हैस लाथा मारायची. हसणं चाललं होतं. मग काटेवाडीची नसरीन उठली. वडील गेल्यापासून आज पहिल्यांदाच आली होती. मी म्हटलं, "तू राहू दे गं."

"न्हाय मॅडम, माझं वाक्य तयार हाय." आणि म्हणाली, "माय फादर यूज्ड टू वेट आउटसाइड."

तिचे अब्बा डेअरीला दूध घालून तिला सोडायचे आणि क्लास सुटेपर्यंत त्याच खिडकीखाली मोटारसायकलवर बसून राहायचे. वर्गानं म्हटलेलं प्रत्येक वाक्य तेही म्हणायचे. एकटेच, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, खणखणीत. पोरं खुदखुदायची.

आज कुणी तोंडच उघडेना. शेवटी नसरीनच म्हणाली, "म्हणा की!" मग म्हटलं सगळ्यांनी. खाली मान घालून, पण म्हटलं.

त्यानंतर मी पुढचं नाव घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. सवयीनं थांबले. वर्गही थांबला, सगळे खिडकीकडे बघत.

नसरीनसुद्धा.