महापौरांच्या झग्याचं माप

२ मार्च, सोमवार

झगा आला. पिशवी उघडली आणि वास! मावळत्या महापौरांनी वर्षभर कॉलरला मान घासली, एकदा उन्हात टाकायचं सुचलं नाही. लाल लोकरीचा झगा, पांढरी खोट्या फरची कॉलर, आणि त्या फरवर तेलाचा पिवळा पट्टा. पेट्रोलनं पुसून काढला. हात साबणानं घासघासून धुतले, तरी जेवताना बोटांना वास येतच होता. आईनं विचारलं, जेवत का नाहीस? काय सांगू? महापौर लागलेत हाताला!

निवडणूक शनिवारी, चौदा तारखेला. झगा तयार हवा आदल्या दिवशी. म्हणजे मत पडायच्या आधी माप. आमच्या शहरात हे आजोबांपासून असंच चालत आलंय. निकाल लागला की त्याच क्षणी झगा अंगावर चढला पाहिजे, फोटो निघाला पाहिजे, आणि फोटोत तो ढगळ दिसता कामा नये. म्हणून ज्यांना निकाल आधीच ठाऊक असतो ते आपला माणूस आधीच आमच्या दुकानात पाठवतात. आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लहानपणी मला वाटायचं सगळीकडे असंच असेल. आधी शिवण, मग मतदान.

३ मार्च, मंगळवार

धाकटी बहीण येऊन गेली. नगरसेविका झाल्यापासून दुकानात येते ती वादळासारखी. आईच्या बटणांच्या डब्यात हात घालून बसते आणि बोलत सुटते. यंदा ती महापौरपदाला उभी आहे. साहेबांच्या पक्षाला बहुमताला थोडे हात कमी पडतात, आणि अपक्ष सगळे हिच्या पाठीशी आहेत म्हणे. निवडून आली की पहिला ठराव मांडणार — यापुढे महापौर नगरसेवकांनी नाही, लोकांनी निवडायचा. थेट. रांगेत उभं राहून, प्रत्येकानं.

झगा टांगलेला होता. तिनं आतल्या खिशात कोपरापर्यंत हात घातला नि बाहेर काढून नाकाशी धरला. "शी! ताई, मी महापौर झाले ना, तर आधी हा खिसा शिवून बंद करायचा. पहिल्या दिवशी. सगळ्यांसमोर."

आई हसली. मीही. खूप दिवसांनी मनापासून.

५ मार्च, गुरुवार

आज उसवायला बसले. या कापडाला कात्री लावायची नाही, ही बाबांची शिस्त. कमी करायचं तर आत घ्यायचं, शिवणीत माया भरपूर ठेवायची. म्हणजे जास्तीचं कापड आतच राहतं, पुढचा जाडा आला की सोडायचं. "पुढचा जाडाच असतो," असं बाबा टाचण्या तोंडात धरून म्हणायचे. त्यामुळे शिवण उसवली की जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी दिसतात. एकेक ओळ एकेक महापौर. सभागृहात त्यांची नावं सोनेरी अक्षरांत आहेत. इथे नुसती भोकं. मला इथलं जास्त खरं वाटतं.

सगळ्यात आतली ओळ पहिल्या महापौरांची. उंच, काटकुळे. त्यांना कुणी निवडलंच नव्हतं, वरून हुकूम आला आणि झाले. मग नगरसेवकांनी चिठ्ठ्या टाकून निवडायची पद्धत आली. पहिल्याच खेपेला बरोबरी! मग दोन नावांच्या दोन चिठ्ठ्या एका टोपीत टाकल्या आणि एक काढली. टोपी ज्याची, तोच महापौर झाला. उरलेली चिठ्ठी उघडून बघावी असं एकालाही वाटलं नाही. आजोबा हे सांगताना लोटपोट हसायचे. मला नाही येत हसू.

पुढे चिठ्ठ्या बंद झाल्या. नगरसेवक दोन्ही बाजूंच्या जेवणावळी झोडायचे आणि आत जाऊन कुणाचं नाव लिहितात ते कळायचं नाही. म्हणून हात वर करायची पद्धत आणली. पारदर्शक म्हणे! पारदर्शक कुणासाठी? साहेबांना गॅलरीत बसल्या जागी दिसतं, कुणाचा हात वर गेला नि कुणाचा रेंगाळला. ते स्वतः कधी महापौर झाले नाहीत. कशाला होतील? बनवता येतात तर!

आणि तो खिसा. मुळात झग्याला खिसा नव्हताच. मग एका महापौरांनी हळूच विचारलं, चष्मा ठेवायला इवलासा करता येईल का? बाबांनी करून दिला. पुढच्याला जरा मोठा हवा होता. त्याच्या पुढच्याला आणखी. आता त्यात अख्खी उशी मावेल. प्रत्येक जण चष्म्याचंच नाव सांगतो. एकाला तर चष्माही नव्हता.

एक जण पद गेल्यावर झगा परत देईना. बाबा आणायला गेले तर तो झगा घालून सोफ्यावर झोपलेला. बायको म्हणाली, हळू काढा हो, जागे होतील.

किळस येते मला या सगळ्याची. पण टाके मीच घालते.

६ मार्च, शुक्रवार

आज माप झालं. उमेदवार आले — सिमेंटवाले. साहेबांचा होयबा सोबत होता. तो प्रत्येक महापौरांच्या मापाला हजर असतो, साहेबांच्या वतीनं मान हलवायला. सिमेंटवाल्यांनी हात पसरले, पोट आत ओढलं, मग दम संपला तेव्हा सोडलं. टेप पुरेना. सगळी माया सोडावी लागणार. खिसा बघून खूश झाले. काखेत घामाचं तळं, आणि मला म्हणतात, "जरा ऐसपैस ठेवा बरं का, लोकांत मिसळायचं असतं आपल्याला."

हे नेहमीचंच. पण त्यांचा कोट हातावर घेऊन मागे कोण उभं होतं? दातांचे डॉक्टर! अपक्ष. धाकटीचा अगदी उजवा हात. प्रचारात हिच्या गळ्यात गळा घालून फिरणारे. मला बघून जरासुद्धा दचकले नाहीत. उलट म्हणाले, ताई, खांद्यात थोडं घट्ट वाटतंय का बघा. नोकरासारखा कोट धरून उभा होता मेला! शिसारी आली.

म्हणजे धाकटीचे लोक फुटलेत. आणि तिला पत्ता नाही.

७ मार्च, शनिवार

बाबांची दुसरी शिस्त — एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही. शिंप्यानं डोळ्यांनी बघायचं, तोंडात मूग धरायचे. पालिकेचं काम आपल्याकडे टिकलं ते त्यामुळेच.

८ मार्च, रविवार

सांगितलं. धाकटीला घरी बोलावलं, आई बाहेर गेल्यावर दार लावलं, आणि सगळं सांगितलं. सिमेंटवाले, होयबा, दातांचे डॉक्टर, कोट.

आधी ती हसली. मग पांढरी पडली. डॉक्टर? परत परत तेच विचारत होती. खात्री आहे तुझी? म्हटलं, मी माणसं पाठीवरून ओळखते गं, हा तर समोर उभा होता. मग ती रडली, खूप रडली. लहानपणी शाळेत कुणी मारलं की अशीच माझ्या मांडीत डोकं खुपसायची. मला इतकं भरून आलं! जगात घाण कितीही असो, ही एक तरी स्वच्छ आहे, आणि ती आमची आहे.

तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "हे मी सभागृहात सांगणार. हात वर व्हायच्या आधी. झगा कुणाच्या मापाचा शिवून तयार आहे ते सगळ्यांना दाखवा म्हणणार. तू साक्ष देशील?"

साक्ष दिली तर पालिकेचं काम गेलंच. त्या कामामुळे बाकीची गिऱ्हाइकं येतात, तीही जातील. साहेब सोडणार नाहीत. दुकान म्हणजे काय फक्त मशीन आहे का? आजोबांची पाटी आहे, आईची खिडकीतली खुर्ची आहे.

तरी देईन म्हटलं. एवढी वर्षं टाके घातले, एकदा उसवून बघू.

९ मार्च, सोमवार

आईला काही बोलले नाही. ती सिमेंटवाल्यांच्या झग्याचं अस्तर टाचतेय आणि गुणगुणतेय. माझा मात्र दोरा सारखा तुटतो.

११ मार्च, बुधवार

शिवून झाला. टांगला तर दुकानाची निम्मी भिंत दिसेनाशी झाली. एवढा मोठा हा कधीच नव्हता. शिवणीत आता काही शिल्लक नाही, बाहेर सोडण्यासारखं बोटभर कापड उरलं नाही. बाबा असते तर काळजीत पडले असते.

धाकटीचा फोन नाही. मी केला तर बंद. भाषण लिहीत असेल. परवा रात्रीपासून मीही मनातल्या मनात साक्ष पाठ करतेय. सरळ उभं राहायचं, होयबाकडे बघायचं नाही, साहेबांकडे तर नाहीच. "माप मी घेतलं." एवढंच म्हणायचं. बाकी झगा बोलेल.

१२ मार्च, गुरुवार

दोरे आणायला गेले होते, तेवढ्यात धाकटी येऊन गेली. चुकामूक! आई सांगत होती. बसली नाही, चहा घेतला नाही. झगा खाली काढला, अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिली.

"बुडाली होती गं त्यात, पण छान दिसत होती," आई म्हणाली. "लहानपणी तुझी ओढणी घेऊन राणी व्हायची, तशी."

मला वाटलं, वेडी! शनिवारी जे फाडायचंय ते एकदा अंगावर घालून बघितलं असेल. तिनं विचारलं का माझ्याबद्दल, असं आईला विचारलं. नाही म्हणाली. घाईत होती, खाली गाडी थांबली होती. कुणाची गाडी? आईला काय कळतंय. काळी, मोठी, एवढंच सांगितलं.

सभागृहात काय घालून जायचं ते काढून ठेवलंय. राखाडी. बाबांनी शिवलेला.

१३ मार्च, शुक्रवार

होयबा आला. झगा न्यायला आलाय असं वाटलं. म्हणाला, उमेदवार बदलला, संध्याकाळपर्यंत सगळं आत घ्या. सिमेंटवाल्यांचं दुसरीकडे बघताहेत. तो थेट निवडणुकीचा ठराव मांडायचा नाही असं ठरलंय, आता काही कटकट नाही. मी टेप उचलली आणि विचारलं, माप द्यायला कधी येताहेत?

"यायची गरज नाही. माप ताईकडे लहानपणापासून आहे, म्हणाल्या. आणि खिसा राहू द्या म्हणाल्या."

मी दिलेली बातमी घेऊन ती सभागृहात नाही, साहेबांकडे गेली, आणि गप्प बसायची किंमत म्हणून झगा मागितला.

टेप खाली ठेवली. झग्याचा एक टाकाही उसवला नाही. सिमेंटवाल्यांच्या मापाचा, तसाच्या तसा, घडी घालून त्याच्या हातात दिला. म्हटलं, न्या. बसेल तिला.