विहीणबाईंशी वाद, सकाळ-संध्याकाळ

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण हल्ली आठांपैकी पाचच अंगं सांगितलेलं ऐकतात, तेव्हा तेवढ्यांचाच गोड मानून घ्यावा.) वहिनींनाही नमस्कार. तुमची कंबर, वहिनींचा गुडघा आणि तुमचे जावई या तिन्ही जुन्या दुखण्यांना आता उतार असेल अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक आहे. पत्र संपेपर्यंत हे वाक्य कितपत टिकतं ते बघू.

आत्या तुमच्याकडे सुखरूप पोचली हे कळलं. ती काही सांगत नाही, नुसती खिडकीत बसून असते, आणि तुम्ही मला फोनवर तीनदा विचारलंत की तिकडे असं झालं तरी काय. तिन्ही वेळा मी ‘पत्रात लिहितो’ म्हणून सुटका करून घेतली, कारण आमच्या या घरात फोन घेऊन कुठल्याही कोपऱ्यात गेलं तरी ते सासरेबुवांना ऐकू जातं. त्यांची वाचा गेली आहे, कान शाबूत आहेत. किंबहुना वाचेची ताकद कानात उतरली असावी असा मला दाट संशय आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की सासरेबुवांनी छत्तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षकाची नोकरी केली. दुकानात शिरायचं, वजन उचलायचं, उलटं करायचं आणि शिक्का आहे का ते बघायचं. शिक्का नसेल तर जप्त. ही सवय त्यांनी निवृत्तीनंतर विश्वाला लावली, आणि देवावर कुठल्याच खात्याचा शिक्का सापडला नाही म्हणून त्यालाही जप्त केलं. उलट आपली आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं, कानाला यंत्र लावून, न दिसणाऱ्या माणसांना न दिसणाऱ्या माणसांशी जोडून देत होती. समोरचा दिसत नाही म्हणजे तो नाहीच, हे तिला कोण पटवणार? पलीकडून कुणी फोन उचलला नाही तर ती म्हणायची, रिंग जातेय, थांबा. देवाच्या बाबतीतही तिचं हेच धोरण. अशी दोन माणसं, आमच्या दोन खोल्या, आणि मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत. म्हणजे वर जाणारेही माझेच आणि खाली जाणारेही माझेच, आणि मी बहुतेक वेळ दोन मजल्यांच्या मध्ये.

पहिली दोन वर्षं त्यांचं साधं भांडण होतं. (साधं म्हणजे वर्तमानपत्र कुणी आधी वाचायचं इथपासून सृष्टी कुणी केली इथपर्यंत.) मग सासरेबुवांना तो पक्षाघाताचा झटका आला. हात आठवड्यात हलू लागला, पाय पंधरवड्यात. बोलणं मात्र आलं नाही. म्हणजे आवाज येत होता, शब्द येत नव्हते. एकच शब्द शिल्लक राहिला होता, ‘चमचा’. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पाणी हवं असलं तरी चमचा, दार लावा म्हणायचं असलं तरी चमचा. ज्या माणसाच्या नुसत्या आवाजाने बाजारातले तराजू सरळ होत, तो खाटेवर बसून आमच्या हिला ‘चमचा’ म्हणून हाक मारी आणि मग भिंतीकडे तोंड करी. ही स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून यायची. स्पीच थेरपिस्ट म्हणून एक चुणचुणीत मुलगी येऊ लागली. तिने स्वच्छ सांगितलं की पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते आपलं, नंतरचा भरवसा नाही; तेव्हा यांना बोलतं ठेवा. आणि एक नियम घालून दिला : ते शब्द शोधत असतील तेव्हा थांबायचं. दहा सेकंद लागोत नाहीतर शंभर, त्यांच्या तोंडचा शब्द दुसऱ्याने बोलायचा नाही. त्यानंतर ती चित्रांचे पत्ते काढायची. कप, खुर्ची, मांजर. सासरेबुवा मांजराकडे असे बघत की जणू त्याच्यावरही शिक्का नाही.

महिनाभर काही हललं नाही. आत्या रोज सकाळी त्यांच्या खाटेशी बसून तिची प्रार्थना म्हणायची. (त्यांना विरोध करता येत नव्हता, या संधीचा तिने फायदा घेतला असं आमची ही म्हणते. मी काही म्हणत नाही.) एके दिवशी प्रार्थना संपवून ती सहज म्हणाली, देवाच्या मनात असेल तर तुम्ही बोलाल हो. सासरेबुवांचा चेहरा लाल झाला. ओठ हलू लागले. मी डॉक्टरांना फोन लावायला उठलो, आत्याने हाताने मला खाली बसवलं. आणि पाऊण मिनिटाने ते म्हणाले, “देवच नाही. मन कुठून आणणार?”

झटक्यानंतरचं ते पहिलं संपूर्ण वाक्य. कर्ता, कर्म, प्रश्नचिन्ह, सगळं जागच्या जागी. आत्याने ताबडतोब डोळे मिटून, हात जोडून त्याबद्दल देवाचे आभार मानले. त्यावर सासरेबुवा एवढे खवळले की अर्ध्या मिनिटात दुसरं वाक्य आलं, “आभार माझे माना.”

थेरपिस्ट मुलीला सांगितलं तर ती उडालीच. तिने चित्रांचे पत्ते पिशवीत टाकले आणि कागदावर लिहून दिलं, ‘विहीणबाईंशी वाद, सकाळ-संध्याकाळ, अर्धा तास, जेवणानंतर’. तो कागद अजून कपाटावर चिकटवलेला आहे. मग काय, औषध सुरू झालं. सकाळी नऊला आत्या खुर्ची ओढून बसायची, पदर खोचायची आणि म्हणायची, चला, आज आत्म्याचं बघू. सासरेबुवा शब्द शोधत असताना ती जराही हलायची नाही. बत्तीस वर्षं लाइन जुळायची वाट पाहिलेली बाई ती. मध्येच मला राहवलं नाही आणि मी शब्द पुरवायला गेलो, तर तिनेच मला दटावलं, लाइन चालू आहे, मध्ये बोलू नकोस. एकदा सासरेबुवांनी विचारलं, तुमच्या देवाला तपासलं कुणी? आत्याने उलट विचारलं, तुमच्या ऑफिसातलं वजन कुणी तपासलं? ते म्हणाले, वरच्या ऑफिसने. आणि वरच्या ऑफिसचं? त्याच्याही वरच्याने. आत्याने काही न बोलता बोट छताकडे केलं. सासरेबुवा दोन दिवस गप्प होते, आम्ही घाबरलो, तिसऱ्या सकाळी नाश्त्याला म्हणाले, “वर दातांचे डॉक्टर राहतात.” चार शब्द, एकही चमचा नाही. चौथ्या महिन्यात वाक्य सात-सात शब्दांपर्यंत गेलं. अशी तोलामोलाची शत्रुता मी कुठल्याच नवरा-बायकोत पाहिली नाही.

आता त्या रविवाराकडे येतो. (टाळत होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.) सासरेबुवांचं विवेक मंडळ आणि आत्याचं प्रार्थना मंडळ या दोघांनीही, एकमेकांना न विचारता, आजाऱ्याला बघायला येण्यासाठी एकच दुपार निवडली. एक म्हणेल योगायोग, दुसरा म्हणेल योजना. मी म्हणतो, नऊ खुर्च्या आणि सतरा माणसं. देव मानणारे खिडकीकडच्या बाजूला बसले, न मानणारे पंख्याखाली. आधी तब्येतीची चौकशी झाली, मग तब्येत कुणामुळे सुधारली याची. प्रार्थनावाल्या प्रमुखबाई म्हणाल्या की आम्ही महिनाभर यांचं नाव घेत होतो. विवेक मंडळाचे अध्यक्ष म्हणाले की मेंदूचं नाव घ्या, काम त्याने केलंय. त्यांच्या मते आजच्या काळात, माणूस अवकाशात जाऊन आल्यावर, प्रार्थना म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. प्रमुखबाईंच्या मते अवकाशात जाणारेही निघताना मनातल्या मनात काय म्हणतात ते त्यांना विचारा. कुणी म्हणालं, जगातली निम्मी युद्धं देवाने लावली. कुणी म्हणालं, निम्मे दवाखानेही त्यानेच बांधले. उरलेल्या निम्म्यांचा कुणी वालीच नव्हता. मला विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूचे? मी प्रामाणिकपणे सांगितलं की तेवीस वर्षांत अडकलेल्या लिफ्टमधून मी शेकडो माणसं बाहेर काढली. आत्याची खात्री आहे की आत ती सगळी देवाचा धावा करत असतात, सासरेबुवांची खात्री आहे की ती बटणं तपासत असतात, आणि मी स्वतः कान लावून ऐकलंय, ती आमच्या कंपनीला शिव्या देत असतात. दोन्ही बाजूंनी माझ्याकडे सारख्याच तिरस्काराने पाहिलं. त्या दुपारचं त्यांचं तेवढं एक एकमत.

सासरेबुवा आणि आत्या या सगळ्यात काही बोलत नव्हते. आपला कट्टा दुसऱ्यांनी बळकावल्यावर बसतात तसे दोघं बसले होते. शेवटी फोटोची वेळ आली. दोन्ही मंडळांना आपापल्या मासिक पत्रकात रुग्णाचा फोटो हवा होता. फोनसमोर उभे राहून अध्यक्षांनी सासरेबुवांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “असल्या अडाणी बायकांच्या तावडीत राहूनही तुम्ही बुद्धीच्या जोरावर उभे राहिलात. हेच म्हणायचंय ना तुम्हाला?”

आत्या चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सासरेबुवांचं तोंड उघडलं. ओठ हलू लागले. मी मनात मोजत होतो : एक, दोन, तीन. आत्याही थांबली होती, ट्रे तसाच धरून, सवयीने. पाचाला अध्यक्ष हसले आणि म्हणाले, बघा, हो म्हणताहेत. पंख्याखाली टाळ्या पडल्या. आत्याने ट्रे ठेवला, रिकामे कप गोळा केले, धुऊन पालथे घातले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून तुमच्याकडे आली. सासरेबुवांचा शब्द आला खरा, पण सगळे जिना उतरत असताना. आणि तो कुठला, ते सांगायला नको.

हे असं झालं. पुढे मी माझ्याकडून उपाय केले, नाही असं नाही. औषध संपल्यावर आपण त्याच गुणाचं दुसरं आणतो, तसं मी स्वतः आस्तिक झालो. सकाळी नऊला खुर्ची ओढली आणि म्हणालो, बाबा, आत्मा अमर आहे. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि माझा हात थोपटला. मग तळमजल्यावरच्या शिंप्याला बोलावलं. तो अगदी खराखुरा श्रद्धाळू, पण इतका सज्जन की सासरेबुवांनी भुवई वर केली की तो म्हणायचा, तुम्ही म्हणता तेही बरोबर. अशा माणसाशी कुणी काय भांडावं? अध्यक्ष पत्रकाचा अंक घेऊन परत आले होते. सासरेबुवांनी अंक उलटा करून मागची बाजू बघितली, शिक्का शोधतात तशी, आणि परत केला. सात शब्दांचं वाक्य तीनांवर आलं आहे. काल दोन. थेरपिस्ट मुलगी परवा तिच्या वहीत बराच वेळ बघत होती. साडेपाच महिने झाले म्हणाली, बाकी काही नाही. पण घरात आता शांतता आहे, वर्तमानपत्र वेळेवर मिळतं, आणि आत्या तिकडे रमणार असेल तर आमचं काहीच म्हणणं नाही. तुमच्याकडे सगळेच देव मानणारे, ती म्हणेल त्याला माना डोलावणारे; तिला याहून सुख ते काय?

वहिनींना पुन्हा नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
(दोन मजल्यांच्या मध्ये)

ता.क. तुम्ही लिहिलंत की आत्या हल्ली प्रार्थना लवकर आटपते आणि मग हातात काही काम नसल्यासारखी बसून राहते. त्यावर माझं काही मत नाही. तिची खिडकीजवळची जागा मात्र आम्ही कुणाला दिलेली नाही. पडदे धुतले आहेत, ते आपले असेच.

ता.क. २. आमची ही पत्र वाचून म्हणाली, चार पानं लिहिलीत आणि कामाचं एक वाक्य नाही. ते असं : आत्याला पाठवा. या आठवड्यात. विनवण्या करा, रागवा, तिकीट हातात ठेवा, काय वाटेल ते करा. थेरपिस्ट मुलीने ‘नंतरचा भरवसा नाही’ म्हटलं होतं, आणि ते नंतर आता पंधरा दिवसांवर आलं आहे. शांततेचं मी वर जे लिहिलं आहे ते खोटं आहे. शांतता आहे, पण ती आम्हाला नको आहे.

ता.क. ३. पाकीट बंद करणार, एवढ्यात सासरेबुवांनी पत्र हातातून काढून घेतलं, सगळं वाचलं, शिंप्याच्या मजकुरापाशी एकदा हसले, आणि कागदावर बोट ठेवून खूण केली, लिही. पुढच्या चार ओळी त्यांच्या आहेत. सांगायला पन्नास मिनिटं लागली. आम्ही दोघंही समोर बसलो होतो, एकही शब्द आमचा नाही. आत्याला वाचून दाखवू नका, तिच्या हातात द्या.

विहीणबाई,
अध्यक्ष मूर्ख आहे.
मी ‘नाही’ म्हणत होतो.
देव नाहीच. तुम्ही या.