नऊ नंबरचे रोप कोणाचे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वी वजनमापे निरीक्षक, हल्ली निवृत्त आणि घरच्यांच्या मते बिनकामाचा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र कोणी गुडघ्यांनी लिहीत नाही. हा कागद कोणी भरीस घातले म्हणून किंवा धाक दाखवला म्हणून लिहिलेला नाही. उलट गेली अकरा वर्षे मीच मला तो लिहू दिला नाही. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते नीटनेटके होते आणि त्यात एक गोष्ट लपवलेली होती.

ती गोष्ट पाचव्या कलमात आहे आणि माझ्या धाकट्या बहिणीची आहे. ज्यांना घाई असेल त्यांनीही आधीची चार कलमे वाचावीत. मीसुद्धा त्याच क्रमाने धीर गोळा केला आहे.

कलम १. राहते घर माझ्या मुलीला. मागची बाग यात धरू नये, तिचे वेगळे लिहिले आहे. पश्चिमेकडची पन्हळ दर वर्षी पानांनी तुंबते आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येते. जावईबापू "बघतो" म्हणाले, त्याला चार वर्षे झाली. म्हणून शिडी खास त्यांच्या नावे करून ठेवत आहे.

कलम २. बँकेतली शिल्लकही मुलीलाच. ती इतकी नाही की त्यावरून कोणी कोणाचे तोंड बघायचे थांबेल.

कलम ३. पितळी प्रमाण वजनांची पेटी, आतले मखमली अस्तर शाबूत, माझ्या जुन्या कार्यालयात परत द्यावी. तीस वर्षे ही पेटी घेऊन मी दुकाने फिरलो, पारड्याखाली चिकटवलेले मेण नखाने खरवडून काढले, आणि भल्याभल्यांना भर बाजारात मान खाली घालायला लावली. ती घरात ठेवण्याचा हक्क मला उरलेला नाही. माझा ताणकाटा आमच्या बागमंडळाचे अध्यक्ष, औषधवाले, यांनी सहा वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेला आहे. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. तो किलोमागे वीस ग्रॅम कमी दाखवतो, हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

कलम ४. फावडे, दाताळे आणि पाण्याची झारी शेजारच्या बटाटेवाल्यांना. त्यांनी फेकलेल्या कुजक्या बटाट्यांच्या ढिगातून करपा आमच्या टोमॅटोंवर येतो, असे मी मंडळाच्या सभेत तीनदा बोललो. त्यातले अर्धे खरे आहे आणि तेवढे मी मागे घेत नाही. पण वारा काही एका बटाट्यावरून वाहत नाही. स्वतःच्या बागेतले झाकायचे असले की माणसाला दुसऱ्याचे कुंपण फार दिसते. हत्यारे त्यांनी कुंपणावरून इतक्या वेळा मागून नेली आहेत की हातांना नवी वाटणार नाहीत.

कलम ५. आमच्या भागात वर्षाचे आठ महिने पाऊस. ज्याच्याकडे काचघर आहे त्याचे टोमॅटो पिकतात. उघड्यावर लावणाऱ्याच्या नशिबी करपा. आधी पानावर ओलसर तपकिरी डाग, सकाळी पानाखाली पांढरी बुरशी, मग देठ काळे, आणि आठवड्याभरात सगळे रोप उकडून काढल्यासारखे. म्हणून आम्ही एकतीस घरांनी ठरवले की उघड्यावर टिकणारे वाण आपणच शोधायचे. दहा वाणांचे बी, पाकिटांवर नावे नाहीत, फक्त नंबर. प्रत्येकाने प्रत्येक नंबरची दोन रोपे उघड्यावर लावायची. वर प्लास्टिक नाही, फवारणी नाही. दर रविवारी किती पान करपले ते बघून दहापैकी गुण लिहायचे. कोणता नंबर कोणाचा, हे लावणाऱ्याला कळता कामा नये, म्हणजे कोणी आपल्या लाडक्याला झुकते माप देणार नाही.

नंबरांची यादी माझ्याकडे होती. पाकिटे मीच भरली. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासलेल्या माणसावर संशय कोण घेणार? कुंपणच शेत खाईल हे कोणाच्या मनात आले नाही. पाकिटे भरताना माझ्याही मनात आले नव्हते, हे शपथेवर सांगतो.

चार नंबर माझा. चिमट्याने परागकण काढून, फुलांना कापडी पिशव्या बांधून, आठ वर्षे खपून तयार केलेला. नऊ नंबर धाकटीचा. तिने काहीच तयार केले नव्हते. तिच्या न्हाणीघराच्या गटाराशी एक रोप आपोआप उगवले, आणि ज्या वर्षी गल्लीत एक पान हिरवे राहिले नाही त्या वर्षी ते भर पावसात फळे देत उभे राहिले. पाच वर्षे ती त्याचेच बी धरत होती. तिने त्याला नाव दिले होते गटारवाली. मी हसायचो. "आम्ही इथे शास्त्र करतोय, आणि तू गटार उपसतेस," असे मी तिला चारचौघांत म्हणालो आहे.

सप्टेंबरअखेर सगळ्यांचे गुण आले. एकतीसपैकी सत्तावीस बागांत चार नंबर काळा पडला होता. नऊ नंबर हिरवा होता. माझ्या स्वतःच्या बागेतही, माझ्या डोळ्यांदेखत, माझे आठ वर्षांचे लाडके झोपले होते आणि शेजारी गटारवाली डुलत होती.

दुपारचे जेवण झाले होते. यादी पेन्सिलीने लिहिलेली होती. मी खोडरबर घेतला, दोन नावे खोडली आणि उलटसुलट लिहिली. दीड मिनिटाचे काम. आमच्या हिने येऊन टेबलावरचा खोडरबराचा चुरा फडक्याने पुसला, यादीकडे बघितले, माझ्याकडे बघितले. म्हणाली, "झालं तुमचं?" मी म्हणालो, "झालं." ती गेली त्या दिवसापर्यंत आम्ही याच्यापुढे या विषयावर एक शब्द बोललो नाही.

सभेत मी निकाल वाचला. टाळ्या पडल्या. धाकटी उठून उभी राहिली.

"दादा, नऊ नंबर माझं आहे बघ. फळाच्या खांद्याला बारीक चुण्या आहेत. जन्म शिवण शिकवण्यात गेलाय माझा, चुण्या मला कळतात."

मी म्हणालो, "यादी काय म्हणते ते बघू या." खिशातून कागद काढला, चष्मा लावला, आणि पाठ असलेले वाचल्यासारखे केले. "चार, धाकटी. नऊ, मी."

मागून कोणीतरी म्हणाले, "भावाचं बघवेना वाटतं!" सगळे हसले. हसणाऱ्याला मी गप्प करायला हवे होते. केले नाही.

ती म्हणाली, "मग माझीच चूक झाली. माफ कर दादा, सगळ्यांसमोर बोलले."

आणि मी तिला माफ केले. हे वाक्य मी चार वेळा खोडले आणि पुन्हा लिहिले, कारण हे वाक्य नसेल तर या मृत्युपत्राला काही अर्थ नाही. एकतीस घरांसमोर, खुर्चीतून उठून, मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि "असू दे, होतं असं" म्हणालो. मोठ्या मनाचा भाऊ म्हणून लोकांनी माझे कौतुक केले. तिने घरी जाऊन बियांची बरणी उकिरड्यावर रिकामी केली, मंडळात येणे सोडले. आज तिच्या परसात फरशी आहे.

माझ्या वाणाला मंडळाने "निरीक्षक" असे नाव दिले. लांबलांबच्या ओल्या गावांतून पत्रे आली. लोकांनी कधी नव्हे ते उघड्यावरचे टोमॅटो मीठ लावून खाल्ले आणि मला धन्यवाद लिहिले. अशी एकशे त्रेचाळीस पत्रे आहेत. प्रत्येक पत्राला मी उत्तर दिले. मला लाज वाटायची आणि मी उत्तर द्यायचो, दोन्ही.

सबब, मागची बाग, आठ वाफे आणि विहिरीच्या पाण्याच्या हक्कासह, धाकटीला. कपाटातली नऊ नंबरच्या बियांची बरणी धाकटीला. एकशे त्रेचाळीस पत्रे धाकटीला, कारण ती तिचीच आहेत, पोस्टमनने चुकीच्या घरात टाकली. मंडळाने हे कलम सभेत मोठ्याने वाचावे. हसणारे हयात असतील तर पुढच्या रांगेत बसवावे.

सहीपूर्वीची पुरवणी. वरचा मजकूर मी मागच्या आठवड्यात वकीलबाईंना वाचायला दिला. माझा बेत असा होता की हे सगळे माझ्या पश्चात उघडावे. त्यांनी कागद उलटा ठेवला आणि विचारले, "काका, तुम्ही गेल्यावर तुमच्या बहिणीने भांडायचं कोणाशी?"

म्हणून आज धाकटीला बोलावले. ती मागच्या खोलीत टेबलाशी बसून एक तास वाचत होती. वकीलबाई खिडकीतून बागेकडे बघत होत्या आणि मी माझ्या हातांकडे. वाचून झाल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली ती अशी:

"वहिनीला माहीत होतं?"

"हो."

"तरीच. दर वर्षी पहिले टोमॅटो मला आणून द्यायची, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहायची. आणि मी तुझं कौतुक करत खायचे रे."

मला हे माहीत नव्हते. मी म्हणालो, "धाकटे, माफ कर."

"माफी मागून झालीय आपल्यात. मी मागितली ना तेव्हा? आता आणखी एक कशाला?"

वकीलबाई म्हणाल्या की दुसरा साक्षीदार अजून आलेला नाही, पावसात वाटेत अडकला असावा. धाकटी म्हणाली, "मी करते सही." वकीलबाईंनी समजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे त्याने साक्षीला सही करायची नसते. केली, तर त्याला दिलेले ते सगळे बाद होते, बागसुद्धा.

"बाद होतं ना? नक्की?" असे तिने दोनदा विचारून घेतले आणि पेनासाठी हात पुढे केला.

मी म्हणालो, "अगं, मग बियाही जातील."

"बिया तू मला देणार कशा? माणूस स्वतःचं देतो. त्या तुझ्या कधी होत्या?" ती उठली, कपाट उघडले, बरणी काढली, झाकण घट्ट आहे का बघितले आणि पिशवीत ठेवली. पत्रांचा गठ्ठा तिने माझ्यासमोर आणून आपटला. "आणि ही. सगळ्यांना लिही, कोणाचं बी आहे ते. मेल्यावर कशाला? हात चालतोय ना अजून?"

त्यामुळे बदल असा: बाग घराबरोबर मुलीकडे जाईल. बियांची बरणी आता माझ्या घरात नाही आणि कधी माझी नव्हती, तिचा उल्लेख गाळावा. पत्रांपैकी तीन पत्रांची नवी उत्तरे आज दुपारी लिहिली. उरलेली एकशे चाळीस पुरी होण्याआधी माझे काही झाले, तर मुलीने माझ्या नावाने नव्हे, आत्याच्या नावाने ती पुरी करावीत, आणि वाणाचे नाव लिहावे गटारवाली.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले आहे, वाचून पाहिले आहे आणि ते खरे आहे. शेवटचे तीन शब्द मी बऱ्याच वर्षांनी लिहितो आहे.

सही: (निवृत्त वजनमापे निरीक्षक)
स्थळ: राहत्या घरी, मागची खोली
तारीख: ११ ऑक्टोबर, रविवार, दुपारी चार वाजता. बाहेर पाऊस.

साक्षीदार एक: वकीलबाई. त्यांनी सही केली.

साक्षीदार दोन, स्वतःच्या हस्ताक्षरात: मी यांची सख्खी धाकटी बहीण, शिवणशिक्षिका, निवृत्त. त्या सभेनंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. दोनदा तपासून घेतले. दोष निघाला नाही. दादाने माझ्यासमोर सही केली, ती मी पाहिली.