लोकांचं गाणं

ब्लॅकरिज, पेनसिल्व्हेनिया
मार्च १९७१

प्रिय ब्रोन्युस,

पाकिटावर मी 'फादर ब्रूनो' असंच लिहिलंय. शिकागोत तुझ्या दाराशी बसणाऱ्या बाईला ब्रोन्युस कोण हे ठाऊक असायचं कारण नाही. आत मात्र जुनंच नाव लिहिते, हाताला तेच वळण आहे.

इथे थंडी अजून हटलेली नाही. खाणीच्या काळ्या ढिगांवर बर्फ पडतो आणि दुपारपर्यंत तोही काळा होतो. शर्टांचा कारखाना चालू आहे. मी अजून कॉलरच शिवते. मुकादमीण नवीन आलीय, पोरगेली आहे, मला 'मॅडम' म्हणते आणि शिवण उसवायला लावते. शेजारच्या उर्शुलेचे गुडघे गेले, तरी रोज सकाळी पायऱ्यांवरची राख झाडल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

तुझी रेकॉर्ड इथे पोचली. नव्या फादरांनी ती चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये ठेवलीय आणि रविवारी मिस्सा झाल्यावर पोरं डोनट खाता खाता लावतात. कव्हरवर तू स्वेटर घातलायस, मांडीवर गिटार आहे आणि तू हसतोयस. आपल्या घराण्यात आजवर कुणी इतके दात दाखवून फोटो काढला नव्हता. पहिलं गाणं बरं आहे. चार सूर आहेत, तेच फिरून फिरून येतात. एकदा ऐकलं की दिवसभर मशीनच्या आवाजाबरोबर डोक्यात चालू राहतं. हे मी कौतुक म्हणून लिहीत नाही.

तू लहानपणी कुठे झोपायचास ते आठवतं का रे? लोकांच्या घरी, मयताच्या खोलीत. गावात कुणी गेलं की पहिलं बोलावणं आईला यायचं. तुला ठेवायचं कुणाकडे, म्हणून ती तुलाही घेऊन जायची आणि मागून मी तुझा कोट घेऊन. शवपेटी बैठकीच्या खोलीत, भोवती खुर्च्यांवर बायका, स्वयंपाकघरात कॉफी आणि काळा पाव. आई पहिला सूर लावायची. तिचा आवाज काही गोड नव्हता. सुरुवातीला जड दार करकरावं तसा यायचा आणि मग एकदम उघडायचा. बाकीच्या तिच्या मागून. लिथुएनियातल्या तिच्या खेड्यातली ती गाणी, एकेक पाऊणपाऊण तास चालायची, कुठल्याही छापील पुस्तकात नव्हती. तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचास आणि गाणं थांबलं की जागा व्हायचास. बायका हसायच्या, म्हणायच्या, हा फादर होणार, मयतात याला झोप लागते.

बाबा खाणीच्या धुळीनं खोकून खोकून गेले तेव्हाही तीच गायली. बायकोनं रडायचं असतं, गायचं नसतं, असं लोक म्हणाले. आई म्हणाली, "मी रडत बसले तर त्याला वाट कोण दाखवणार?" आणि शेवटच्या ओळीपर्यंत गायली. त्यानंतर मोरीत जाऊन ओकली. ते तू पाहिलेलं नाहीस.

मग फादर व्हायला तुझी सेमिनरी. तुझ्या वाटणीचं शिक्षण आम्ही दोघींनी शिवून काढलं, ती बाह्या आणि मी कॉलर. स्तासिस मोत्स्कुस मला डेट्रॉइटला घेऊन जायला तयार होता, मोटारींच्या कारखान्यात त्याला काम लागलं होतं. आई म्हणाली, आधी ब्रोनीचा गुरुदीक्षेचा दिवस येऊ दे, मग तुझं बघू. तो दिवस आला तेव्हा स्तासिसला दोन मुली झाल्या होत्या. ही तक्रार नाही. जे ज्या क्रमानं झालं तो क्रम सांगतेय.

आणि तुला आपल्याच चर्चमध्ये धाकटे फादर म्हणून पाठवलं, त्या उन्हाळ्यात आई रस्त्यानं चालायची ती पाय जमिनीला न लावता. तू बसमधून उतरलास तेव्हा तुझ्या हातात ती मोठी काळी पेटी होती. आईला वाटलं, पूजेची वस्त्रं असतील. उर्शुलेला म्हणाली, बघ, किती वस्त्रं दिलीत माझ्या पोराला.

दोन महिन्यांत तू दहाची मिस्सा गिटारवर सुरू केलीस. शाळेतल्या दोन पोरी खंजिऱ्या घेऊन, एक लांबकेशा पोरगा वेदीच्या पायऱ्यांवर मांडी घालून. भिंतींवर लावायला रंगीत पडदे हवेत म्हणालास, ते मी शिवले. एकावर कबूतर, एकावर 'आनंद'. त्या अक्षरांसाठी मी कारखान्यातून सुट्टी काढली होती. चर्च भरायला लागलं, हे खरं आहे, आणि ते मी नाकारत नाही. शेजारच्या गावांतून गाड्या यायला लागल्या. तू प्रवचनात म्हणालास की देवाला आता उमरावांच्या दरबारातलं संगीत नको, लोकांचं हवं. शेतातल्या, खाणीतल्या, साध्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या गायलेलं. आई पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होती. तिला वाटलं, तू तिच्याबद्दल बोलतोयस.

म्हणून तर पुढच्या रविवारी ती उठली. ख्रिस्तशरीर घ्यायला रांग लागली होती, तुमचं एक गाणं संपलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं. त्या वेळी इतकी वर्षं ती गातच आलेली. तिच्या बायका तिच्यामागे उभ्या राहिल्या, मीही. तिनं सूर लावला. तो करकरला. खंजिरीवाली एक पोरगी फिसकन हसली. आणि तू नव्या मायक्रोफोनमधून, हसत हसत, इंग्रजीत म्हणालास, "आई, बस खाली. आता लोकांना गाऊ दे."

सगळं चर्च हसलं. वाईट नाही, प्रेमानंच हसलं, फादर आपल्या आईची थट्टा करतायत म्हणून. आईला तेवढं भरभर इंग्रजी कळत नव्हतं. तीही हसली. हसतच माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "काय म्हणाला गं?"

मी सांगितलं. आपल्या भाषेत, शब्दाला शब्द.

ती खाली बसली. तिच्यामागच्याही बसल्या. तू तारा छेडल्यास.

त्या दुपारी तू घरी जेवायला आलास, बटाट्याचं कुगेलिस दोनदा वाढून घेतलंस आणि म्हणालास की थट्टा होती. ती म्हणाली, हो, कोत्रिनानं सांगितलं मला, आणि तुझ्या बटाट्यांवर साय घातली. बस, तेवढंच. त्यानंतर ती गायली नाही. चर्चमध्ये नाही, घरात नाही, भांडी घासताना नाही. उर्शुलेचा नवरा गेला तेव्हा उर्शुला स्वतः बोलवायला आली. आई म्हणाली, घसा बसलाय. पेटीपाशी बसून राहिली, हात मांडीवर, आणि बायकांनी कसंबसं अर्धं गाणं म्हटलं नि सोडून दिलं. तिच्याशिवाय पुढचं कुणाला येईना. हल्ली मयत घरी ठेवतच नाहीत, अंत्यविधीवाल्यांच्या गालिचे घातलेल्या दुकानात ठेवतात आणि कोपऱ्यात मशीनवर ऑर्गन लावतात. त्या बायकांतल्या बहुतेक आता त्याच दुकानातून गेल्या.

तू शिकागोला गेलास. नाताळला कार्ड यायचं. आई ते आरशाच्या चौकटीत खोचून ठेवायची, जुनं काढून त्याच्या जागी नवं. तिला त्याचं काय वाटतं, हे मी कधी विचारलं नाही.

यंदा जानेवारीत तिच्या पायांवर सूज चढली, हृदय दमलंय म्हणाले डॉक्टर. तिला आडवं झोपता येईना, म्हणून स्वयंपाकघरातच शेगडीजवळ खुर्ची मांडली होती. त्याच आठवड्यात तू उर्शुलेकडे फोन केलास. मी कारखान्यात होते. आता लोकांना खरं जुनं हवंय, प्रत्येकजण आपली मुळं शोधतोय, आईची ती गाणी टेपवर घ्यायचीत, इंग्रजी शब्द घालून नव्या रेकॉर्डवर टाकायचीत, मी टेप घेऊन येऊ का, असं तू तिला सांगितलंस. उर्शुलेचं पोट तुला ठाऊक आहे, त्यात काही राहत नाही. तिनं फोन ठेवला आणि गुडघे धरत तशीच आईकडे आली.

मी संध्याकाळी घरी आले तर दाराबाहेरच मला तो आवाज ऐकू आला. चार वर्षांनी. आत आई दोन उश्यांना टेकून ताठ बसलेली, केस विंचरलेले, डोळे मिटून गात होती. धाप लागायची, थांबायची, पुन्हा तिथूनच उचलायची. मला पाहून म्हणाली, "ब्रोनीला माझी गाणी हवीत. तिसऱ्यातलं एक कडवं आठवत नव्हतं, दुपारभर शोधलं, सापडलं."

मी कोट काढून खुंटीला लावला. तिला सूप दिलं. ती खात नव्हती, गात होती.

पुढे रोज तेच. सकाळी मी निघताना ती सुरू करायची, परत यायचे तेव्हा चालूच. एकेक गाणं पक्कं करत होती. उर्शुलेला समोर बसवायची आणि विचारायची, माझा आवाज त्या यंत्रात वाईट नाही ना येणार? एकदा मला म्हणाली, त्याला पोरींच्या हसण्याची भीती वाटत होती गं त्या दिवशी, माझी लाज नव्हती वाटत. तिनं चार वर्षं बसून हे शोधून काढलं होतं.

रविवारी तू पुन्हा उर्शुलेकडे फोन केलास; ती आईपाशी बसली होती, तिच्या घरी फोनची वाट पाहत मीच होते, म्हणून तो मी उचलला. आपलं काय बोलणं झालं ते तुझ्या लक्षात असेलच. मी म्हणाले, तिला आता काही आठवत नाही, नावंसुद्धा विसरते, येऊन उपयोग नाही. तू म्हणालास, "अरेरे. मग तुला काही येतात का त्यातली?" मी म्हणाले, नाही. तू म्हणालास, आईला माझं प्रेम सांग. तिला काय झालंय, हे तू विचारलं नाहीस. मी वाट पाहत होते. तू विचारलं असतंस तर मी सगळं खरं सांगितलं असतं, निदान त्या क्षणी मला तसं वाटत होतं.

मला सगळी येतात, ब्रोन्युस. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. वीस वर्षं मी तिच्या शेजारी उभी होते. त्यातली एकही तुला मिळणार नाही.

हे पत्र मी लिहिते आहे ते आई गेली हे कळवायला. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या बुधवारी ती गेली आणि शनिवारी आम्ही तिला बाबांशेजारी ठेवलं. उर्शुला तुला फोन करायला निघाली होती, मी म्हणाले, मी केलाय. त्यामुळे गावाला वाटतं की तुला कळवलं होतं आणि तू आला नाहीस. कुणी मला काही विचारलंही नाही. पेटी मी घरीच ठेवली, त्या दुकानात नाही, आणि भर दुपारी एकटीनं तिची सगळी गाणी म्हटली. आता राहिलं एकच, आणि तेच तुला माझ्याकडून कळावं असं मला वाटतं. तुझा दुसरा फोन झाल्यावर मी घरी आले तेव्हा ती खुर्चीत वाट पाहत होती, कधी येतोय ते ऐकायला. मी म्हणाले, तो येत नाही, त्याला वेळ नाही, दुसऱ्या कुणाकडून तरी गाणी घेतली त्यानं. मला वाटलं होतं ती भांडेल, म्हणेल की माझा ब्रोनी असं करायचा नाही, तू खोटं बोलतेस. तेवढी तयारी करूनच मी आले होते. तिनं काही विचारलं नाही. पटकन मान हलवली, जसं काही तिला आधीच ठाऊक होतं, म्हणाली, "हो, त्याला कुठला वेळ," आणि पाठीमागची एक उशी काढून घ्यायला सांगितली.

तुझीच, म्हणजे आता तुझं म्हणावं असं जे कुणी मागे राहिलंय ती,
कोत्रिना