पंधरवड्यातला होकार

आई, आज अविधवा नवमी, म्हणजे तुझा दिवस. गच्चीवर तुझं पान ठेवून मी केव्हाची कावळ्याची वाट पाहतेय. वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, जिम आहे, कावळा तेवढा नाही. कबुतरं ढीगभर. त्यातलं एक तुझ्या खिरीभोवती फिरूनही गेलं. मी मनात धरलं होतं, कावळा शिवला तर नव्या नोकरीला हो म्हणायचं. आता कबुतराचा कौल धरायचा का, ते तूच सांग.

नोकरी आपणहून चालून आली आहे. कंपनी लहान आहे, पण काम माझ्या मनासारखं, आणि आयटीत पन्नाशीच्या बाईला असं कोणी विचारत नाही. जुन्या ठिकाणी माझ्या आसपासच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होताहेत. मी घटस्थापनेपर्यंत वेळ मागितला, तर ते म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी विचारतो. सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालतेय. घरी ह्यांचं म्हणणं, पितृपक्षात नको, देवाच्या मनात असेल तर दसऱ्यानंतर दुसरी मिळेल. म्हणायला काय जातं?

मला आपलं तीस वर्षांपूर्वीचं विश्रांतवाडीतलं स्वयंपाकघर दिसतं. तू पहाटेच वड्यांचं पीठ भिजवून ठेवलं आहेस, कारण पितृपक्ष हाच तुझा हंगाम. लोकांच्या घरच्या श्राद्धाच्या स्वयंपाकातून तुला श्वास घ्यायला फुरसत नाही. खालच्या वाण्याकडे माझ्यासाठी फोन येऊन गेलाय. येरवड्यात एका बंगल्यात कॉम्प्युटरची कंपनी निघाली आहे, उद्याच रुजू व्हा म्हणताहेत. बाबा म्हणाले, एवढा पंधरवडा संपू दे. मीही मान डोलावली. तू भोपळा चिरत होतीस. वर न बघता म्हणालीस, "लोक या दिवसांत काही सुरू करत नाहीत, आणि आपल्या घरात वर्षाच्या गव्हाचे पैसे याच दिवसांत येतात. देवाला चालतं, मग हिला का चालू नये?" मग माझ्याकडे वळलीस. "उद्या या म्हणालेत ना? मग उद्या जायचं. वेळ ठरवणारी तू कोण?"

त्या वाक्यांवर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं, आणि आज मला त्यांचाच राग येतोय. शेजारचा मुलगाही तेव्हा असाच लगेच रुजू झाला होता. त्याची कंपनी दिवाळीआधीच बंद पडली. त्याची वेळ मग कोणी ठरवली होती? तुझी खरंच खात्री होती, की पुढच्या घरी स्वयंपाकाला जायची घाई होती म्हणून तू मला वाटेला लावलंस? तू होतीस तोवर हे विचारायचं मला सुचलंही नाही.

ऑफिसं सुटायची वेळ झाली. पितृपक्षाचं मला काही नाही, ते नुसतं निमित्त. मला भीती वाटते, एवढंच. आता फोन लावते आणि येते म्हणून सांगते. ह्यांना सांगेन, देवावर भरवसा ठेवला. पण तुला म्हणून सांगते, तू गेल्यापासून देवाशी माझं बोलणं नाही. तुझं त्याच्याशी होतं, त्यावरच आजवर भागवत आलेय.