कपाटातल्या आवाजाचे काय करावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कादंबऱ्या लिहिणे, राहणार दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने लिहीत असून त्यासाठी कोणी गळ घातलेली नाही. माझ्या मुलाने गळ घातली होती ती दुसऱ्याच एका कागदासाठी, ते कलम पाचमध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण वाटून द्यावे असे माझे स्वतःचे काही आहे हेच मला ठाऊक नव्हते.

कलम १. राहते घर माझ्या मुलाला द्यावे. ते आमच्या ह्यांच्या नोकरीच्या पैशातून झाले, माझ्या लिहिण्यातून नाही, हे माझ्या नणंदेने सांगण्याआधी मीच सांगते. मोरीचा नळ डावीकडे फिरवून किंचित वर उचलावा लागतो. मुलगा आल्या आल्या तो बदलेल. बदलू दे.

कलम २. बँकेतील शिल्लक मुलाने घ्यावी व त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा. लेखनाच्या कमाईचे वेगळे खाते आहे. त्यावरून भांडणे होतील अशी भीती कोणी बाळगू नये.

पूर्वी असे नव्हते. प्रकाशकांनी हात वर केले म्हणून मी माझ्या कादंबऱ्या स्वतःच छापून घेऊ लागले. छापखानेवाले भाऊ कागद उधारीवर देत, पुस्तके वाचनालयांत जात, बसस्थानकावरचा पुस्तकवाला नेई. घरचा किराणा निघत असे. मग ऐकायच्या पुस्तकांची कंपनी आली. महिन्याची वर्गणी भरा आणि हवे तेवढे ऐका. सगळ्यांची वर्गणी एका हंड्यात. त्यातून कंपनी आधी आपले ताट वाढून घेणार, मग तळाशी उरेल ते, कोणाचे पुस्तक किती मिनिटे ऐकले गेले त्या हिशेबाने, लेखकांना पळीपळीने. माझे वाचकही म्हणू लागले, "ताई, आता विकत कशाला घेऊ? ऐकते ना मी तुमचं सगळं!" बिचाऱ्या कौतुकानेच म्हणत. त्या कौतुकावर विजेचे बिल भागत नाही.

कलम ३. पलंगाखालचे न विकलेल्या पुस्तकांचे गठ्ठे माझ्या नणंदेस द्यावेत. माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने चार बायकांत विचारले होते, "लिहून का कुणाचं पोट भरतं?" तिचे म्हणणे खरे ठरले, त्याचे हे बक्षीस. एखादे उघडून वाचले तर उत्तम. नाहीतर तिच्या जेवणाच्या टेबलाचा पाय किती वर्षे डुगडुगतो आहे, त्याखाली सरकवावे.

कलम ४. निजायच्या खोलीतले मोठे कपाट मुलाला द्यावे आणि त्याने त्यात पुन्हा कपडे ठेवावेत. एक नव्हे, दोन नव्हे, माझी सगळीच्या सगळी पुस्तके आमच्या ह्यांनी त्या कपाटात बसून कंपनीसाठी मोठ्याने वाचली आहेत.

आमचे हे बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत. गाडी रद्द झाल्याचेही अशा आवाजात सांगत की माणसे भांडायला उठायच्या ऐवजी मुकाट्याने डबे उघडून जेवायला बसत. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "अगं, वाचायला पैसे देऊन माणूस कशाला लावतेस? मी मेलोय का?" कपडे बाहेर काढले, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून चहूबाजूंनी रजया टांगल्या, आत स्टूल आणि माइक घेऊन दार ओढून घेतले. उन्हाळ्यात घामाने निथळत बाहेर यायचे आणि पाणी मागायच्या आधी म्हणायचे, "खून कुणी केला ते सांगू नकोस हं, माझी अजून दोन प्रकरणं राहिलीत."

पैसे मिनिटांवर मिळतात हे कळल्यावर त्यांनी डोके लढवले. "सोपं आहे. आपण सावकाश वाचू." सगळी पुस्तके पुन्हा पहिल्यापासून, सावकाश वाचली. घसा बसला, मिठाच्या गुळण्या करकरून तोंड आले. इकडे ऐकणारे कंटाळले आणि वेग वाढवायचे बटण दाबून दीडपट वेगाने ऐकू लागले. वेग वाढला की मिनिटे घटतात, मिनिटे घटली की पैसे. तेलही गेले, तूपही गेले. आमच्या मुलानेही वेग वाढवला होता. "बाबा, फार रेंगाळता हो तुम्ही," असे तोंडावर म्हणाला. त्यांना ते लागले. त्या दिवशी ते कपाटात गेले नाहीत.

करारात एक अट होती, की ध्वनिमुद्रणाची प्रत कंपनीखेरीज कोठेही ठेवायची नाही. माझ्या ओळखीच्या एकूण एक लेखकाने गुपचूप प्रत ठेवली. आमच्या ह्यांनी पुसून टाकली.

"अहो, कोण बघायला येतंय?" मी म्हटले.

"कुणी बघत नाही, म्हणून तर शब्द पाळायचा. सही केलीय आपण."

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी चहा पिता पिता ते गेले. तेरावा-चौदावा दिवस असेल, मी त्यांचा आवाज ऐकावा म्हणून शोधू लागले, तेव्हा ध्यानात आले की घरात तो कोठेच नाही. फोटो आहेत, चष्मा आहे. बसस्थानकावर आता यंत्र बोलते. आवाज फक्त कंपनीकडे. तेव्हापासून मी दर महिन्याला वर्गणी भरते आणि स्वतःच्या नवऱ्याचा आवाज भाड्याने ऐकते. त्यातली एखादी पळी लेखिका म्हणून मला परत येते. ज्याला हसू येईल त्याने खुशाल हसावे. मला येत नाही.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. कंपनीने पत्र पाठवून ह्यांचा आवाज यंत्राला शिकवण्याची परवानगी मागितली आहे. मग ते यंत्र कोणाचेही, काहीही, ह्यांच्या आवाजात वाचील. मोबदला एकरकमी आहे आणि तो मी जन्मभर लिहून मिळवला त्याहून मोठा आहे, हे लपवत नाही. मुलगा म्हणाला, "आई, सही कर. बाबांचा आवाज जिवंत राहील."

"त्यांच्या तोंडून साबण विकतील रे."

"विकू दे ना! तुझी औषधं तरी सुटतील."

मुलगा वाईट नाही. माझी औषधे तोच आणतो आणि त्यासाठी त्याने स्वतःची गाडी विकली आहे. पण कोणी बघत नसताना जो माणूस दिलेला शब्द पाळत होता, त्याच्या तोंडी त्याने न उच्चारलेला शब्द मी घालू देणार नाही. मी उपाशी मेले तरी नाही.

सध्याचा करार संपायला दोन वर्षे आहेत. डॉक्टरीणबाईंच्या मते मला तेवढी नाहीत. लेखी नकार मुदतीच्या शेवटच्या महिन्यातच घेतात, आणि तो गेला नाही, तर करार यंत्राच्या या नव्या अटीसकट आपोआप पुढे चालू होतो. म्हणून माझ्या सर्व पुस्तकांचे व त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क मी माझ्या सुनेला देते आणि या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून तिलाच नेमते. तिने वेळेत नकार पाठवून सगळी पुस्तके कंपनीकडून काढून घ्यावीत.

मुलगा विचारील, हिलाच का? खरे आहे, तिचे माझे कधी जमले नाही. ती आमटीत मीठ कमी घालते आणि माझ्या कादंबरीतला खुनी पहिल्या पन्नास पानांत ओळखते. दोन्हींचा मला राग आहे. पण नकार दिला की पुस्तकांबरोबर ह्यांचा आवाजही जाणार, माझ्यामागे तो कोठेच उरणार नाही, म्हणून मी रडत बसले होते, तेव्हा ती जवळ येऊन एवढेच म्हणाली, "आई, तुम्ही रोजच्यासारखं ऐकत बसा. मी शेजारी माझा फोन ठेवते, टेप करायला."

"करारात बसत नाही गं ते."

"सही तुमची आहे. मी कुठे केलीय?"

कलम ६. रोज दुपारी एक-एक प्रकरण करत आम्ही सगळी पुस्तके अशी उतरवून घेतली. ती सुनेकडेच राहावीत. मुलाने मागितली तर द्यावीत, मात्र त्याने वेग वाढवू नये. त्याचे बाबा जिथे रेंगाळतील तिथे त्यांना रेंगाळू द्यावे.

त्यात खुर्चीची करकर आहे. एका ठिकाणी ह्यांनी नाव चुकीचे वाचले आहे, तिथे मी "अहो, काय हे!" म्हटल्याचे ऐकू येते. आणि माझा खोकला आहे. शेवटच्या पुस्तकात तर फारच. मुलगा म्हणतो, हल्ली असले आवाज सहज पुसता येतात, बाबांचा आवाज स्वच्छ करून देतो.

माझा खोकला पुसू नये. ते वाचत होते, मी ऐकत होते.

लिहून देणार: सही (मध्येच खोकला आल्याने वाकडी झाली आहे, पण सही माझीच)

वरील मजकूर बाईंनी आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचून दाखवला, मध्ये दोनदा थांबून, आणि मग सही केली.

साक्षीदार:
१. सही, छापखानेवाले. (माझी उधारी फिटलेली आहे, याचीही साक्ष.)
२. सही, डॉक्टरीणबाई, तळमजला.

स्थळ: राहते घर, कपाटासमोर
दिनांक: २९ नोव्हेंबर २०२५, दुपार