वर्ग उठून उभा राहिला

ती. आईंना,
सुनेचा वाकून नमस्कार.

हॉस्टेलची खोली हवेशीर आहे, जेवणही बरं आहे. काळजी करू नका.

काल एम.ए.च्या वर्गात पहिल्यांदा पाऊल टाकलं, तर सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मी शिकवणारी बाईच आहे. तसंच मागे फिरावंसं वाटलं. पण म्हटलं, “बसा रे, मीही शिकायलाच आलेय.” सगळे हसले. मीही हसले, पण तास संपेपर्यंत नुसती चुळबुळत होते.

छकुली दोन दिवस फोनवर आली नाही. या आईवर रुसलीय का? जेवते ना? खरं काय ते कळवा.

आणि एक ऐका. मी “परत येते” म्हटलं, तर “ये” म्हणू नका.

तुमचीच,
सून